निपाहची साथ, रुग्णालयांची तयारी आणि प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केरळात निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की आमच्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण विभागात फोन आणि मेसेज सुरू होतात. आमचं गाव कोकण रेल्वेच्या मार्गावर आहे, केरळच्या गाड्या रोज दारावरून जातात, त्यामुळे लोकांना काळजी वाटणारच. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे. कुठे काय बंद आहे याचे आदेश साथीच्या काळात रोज बदलू शकतात. ते मात्र त्या त्या जिल्हा प्रशासनाकडूनच घ्या.

१. निपाह म्हणजे नक्की काय? करोनापेक्षा वाईट आहे का?

निपाह हा फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांमध्ये राहणारा विषाणू आहे. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरं पाळणाऱ्यांमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. तिथल्या सुंगाई निपाह या गावावरून त्याचं नाव पडलं. भारतात २००१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडी, २००७ मध्ये तिथल्याच नदिया आणि २०१८ पासून केरळ इथे त्याचे रुग्ण आढळले आहेत. लागण झालेल्या १०० जणांपैकी साधारण ४० ते ७५ जण दगावतात. २०१८ च्या कोझिकोड-मलप्पुरम साथीत प्रयोगशाळेने खात्री केलेले १८ रुग्ण होते, त्यांतले दोनच वाचले.

म्हणजे जीवघेणेपणात तो करोनाच्या फार पुढे आहे. पण पसरण्यात तो फार मागे आहे. एका रुग्णाकडून सरासरी एकापेक्षा कमी माणसांना लागण होते, म्हणून साथी लहान राहतात आणि विझतात. मात्र ही सरासरी आहे. योग्य काळजी न घेणाऱ्या वॉर्डात एकच रुग्ण अनेकांना आजारी पाडू शकतो (प्रश्न १० पाहा).

२. तो पसरतो कसा? ट्रेनमध्ये शेजारी बसलं तर होतो का?

वटवाघळाची लाळ किंवा मूत्र लागलेलं फळ वा कच्चा रस पोटात गेला तर, आजारी जनावराच्या संपर्कातून, आणि आजारी माणसाच्या लाळ, थुंकी, उलटी, लघवी, रक्त यांच्याशी जवळचा संबंध आला तर. माणसाकडून माणसाला लागण होते ती प्रामुख्याने शुश्रूषा करताना: तोंड पुसताना, उलटी आवरताना, खोकणाऱ्या रुग्णाच्या उशाशी तासन्‌तास बसताना. आजार बळावलेला असतो तेव्हा धोका सर्वांत जास्त असतो, आणि तोवर माणूस रेल्वेच्या डब्यात नव्हे, रुग्णालयाच्या खाटेवर असतो. धडधाकट सहप्रवाशाच्या शेजारी बसल्याने निपाह होत नाही. शेजारचा माणूस तापाने फणफणलेला असेल, खोकत असेल, तर मास्क लावा आणि जागा बदलून घ्या. फक्त निपाहसाठीच नव्हे, एरवीही.

साबण या विषाणूला पुरतो. हात नीट धुणं हा इथे खराखुरा बचाव आहे.

३. लक्षणं कोणती आणि किती दिवसांत दिसतात?

सहसा संपर्कानंतर ४ ते १४ दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, घसादुखी सुरू होते. मग काहींना खोकला आणि धाप, तर काहींना मेंदूची सूज येते: ग्लानी, असंबद्ध बोलणं, झटके. या टप्प्यानंतर रुग्ण २४ ते ४८ तासांत बेशुद्ध होऊ शकतो. सुरुवातीचे दिवस डेंग्यू किंवा साध्या विषाणूतापासारखेच दिसतात, त्यामुळे लक्षणांवरून घरी निदान करता येणार नाही. निदानाचा धागा प्रवासात आणि संपर्कात सापडतो.

४. पुढच्या आठवड्यात मुन्नार-अलेप्पीचं बुकिंग आहे. रद्द करू का?

बहुतेक वेळा गरज नाही. केरळ उत्तर-दक्षिण लांबलचक राज्य आहे आणि आजवरच्या साथी एखाद्या जिल्ह्यातल्या काही गावांपुरत्या राहिल्या आहेत. मे २०१८ मध्ये केरळच्या आरोग्य खात्याने सांगितलं होतं की राज्यात प्रवास सुरक्षित आहे, पण ज्यांना जास्तीची खबरदारी घ्यायची आहे त्यांनी कोझिकोड, मलप्पुरम, वायनाड आणि कन्नूर हे चार जिल्हे टाळावेत. हाच निकष आजही वापरा: बाधित जिल्हा कोणता ते पाहा, तो वगळा, बाकी सहल करा. उष्टी-चावलेली फळं आणि उघड्या मडक्यातली ताडी टाळा. एखाद्या नातेवाइकाला भेटायला तिथल्या रुग्णालयात जायचा बेत असेल, तर तो मात्र पुढे ढकला.

तिकिटाच्या पैशांबद्दल: अधिकृत प्रवासबंदी नसते तेव्हा रेल्वे आणि विमान कंपन्या एरवीचेच रद्दीकरणाचे नियम लावतात. बातमी ऐकून घाईत रद्द करण्याआधी ते वाचा.

५. एवढा जीवघेणा रोग आहे तर सरकार रेल्वे आणि रस्ते सरळ बंद का करत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, तोही रागाने. त्यामागे आपल्या माणसांची काळजी असते, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

कायद्याने सरकारला अधिकार आहे. १८९७ चा साथरोग कायदा आपल्याच मुंबई इलाख्यातल्या प्लेगमुळे झाला, आणि रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याची, संशयितांना वेगळं ठेवण्याची तरतूद त्यात पहिल्यापासून आहे. प्रश्न उपयोगाचा आहे. निपाह रुग्णाच्या खाटेभोवती पसरतो. जिथे तो पसरतो ती जागा सोडून हजारो निरोगी प्रवाशांना अडवण्यात पोलीस, डॉक्टर आणि वाहनं खर्ची पडतात, आणि तीच माणसं संपर्क शोधायला कमी पडतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही केरळच्या साथींमध्ये प्रवास वा व्यापारबंदीची शिफारस केली नव्हती.

दुसरं कारण भीतीचं. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यांतले कितीतरी महाराष्ट्रात आले. अनेक खासगी डॉक्टरही दवाखाने बंद करून गेले. आखाती देशांनी भारतातली विमानं थांबवली. रस्ते बंद होणार अशी कुणकुण लागली की ज्याने घरी थांबायला हवं तोच आधी निघतो, आणि बंदी असलेल्या भागातून आलेला माणूस डॉक्टरांपासून आपला प्रवास लपवतो. निपाहमध्ये ती एक लपवलेली गोष्ट अख्खा वॉर्ड आजारी पाडू शकते.

सीमेवर तपासणी होते ती वेगळी गोष्ट. २०२३ मध्ये कर्नाटक आणि तमिळनाडूने केरळच्या सीमेवर ताप तपासणारी पथकं ठेवली होती. तापाचा माणूस तिथे सापडू शकतो, पण लागण होऊन अजून ताप न आलेला सापडत नाही. म्हणून तपासणीतून सुटलात म्हणजे निर्धास्त झालात असं समजू नका.

६. मग ‘कंटेनमेंट झोन’मध्ये काय बंद असतं? आमची बस त्यातून जाणार असेल तर?

सप्टेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. कोझिकोड जिल्ह्यातल्या मरुतोंकरा, कुट्ट्याडी, आयनचेरी यांसह सात ग्रामपंचायतींचे काही भाग आधी बंद केले गेले. जीवनावश्यक वस्तूंची दुकानं सकाळी ७ ते संध्याकाळी ५ पर्यंत उघडी होती, औषधांची दुकानं आणि आरोग्य केंद्रं यांना वेळेची अट नव्हती. महामार्गावरून जाणाऱ्या बसना जायची मुभा होती, पण त्या भागात थांबायला मनाई होती. शाळा बंद होत्या. तेव्हा तुमची बस नुसती पुढे जाणार असेल तर घाबरू नका. तुमचं घरच आत असेल तर बाहेर पडण्यासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्या.

७. केरळहून परत आलो. सोसायटी म्हणते ‘निपाह नाही’ असं प्रमाणपत्र आणा. कुठे मिळेल?

कुठेच मिळणार नाही, आणि मागणंही चुकीचं आहे. लक्षणं नसलेल्या माणसाची चाचणी निगेटिव्ह आली तरी तिचा अर्थ एवढाच की आज विषाणू सापडला नाही. बाधित गावात गेला नसाल, कोणा रुग्णाच्या संपर्कात आला नसाल, तर तुमच्यावर कोणतंही बंधन नाही. बाधित जिल्ह्यातून आला असाल तर २१ दिवस स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष ठेवा, रोज ताप मोजा आणि ताप आलाच तर प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे वागा. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना हे उत्तर दाखवा.

८. माझं नाव संपर्क यादीत आहे, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता गावी येऊ का?

नाही. हा अपवाद नीट समजून घ्या. संपर्कानंतर पाचव्या दिवशी निगेटिव्ह आलेल्या माणसाला दहाव्या दिवशी ताप येऊ शकतो. जवळच्या संपर्कातल्यांना शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस थांबवतात ते यासाठी. गाडीत बसून निघालात आणि वाटेत आजारी पडलात तर ज्या रुग्णालयाला काहीच माहीत नाही तिथे पोहोचाल. तिथेच राहिलात तर कोणत्या रुग्णवाहिकेने कुठल्या वॉर्डात न्यायचं हे आधीच ठरलेलं असतं.

मुलं केरळात शिकतात अशा पालकांनाही हेच सांगणं आहे. मूल यादीत नसेल तर आणायचं की नाही हा तुमचा निर्णय. यादीत असेल तर त्याला तिथेच राहू द्या, रोज फोन करा, पैसे पाठवा, पण बोलावू नका.

९. ताप आला आहे आणि मी बाधित जिल्ह्यातून आलोय. दवाखान्यात नेमकं काय सांगायचं?

जाण्याआधी १०४ वर फोन करा आणि कुठे जायचं ते विचारा. श्वास लागत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर १०८ ला बोलावताना प्रवासाबद्दल फोनवरच सांगा. मास्क लावा, एकच माणूस सोबत घ्या, रिक्षा किंवा बस टाळा. दारात पोहोचलात की केस पेपर काढण्याआधी, रांगेत उभं राहण्याआधी हे एक वाक्य बोला: “मी अमुक तारखेला अमुक गावाहून आलो, मला तमुक दिवसापासून ताप आहे.” तिथे कोणा आजारी माणसाला किंवा रुग्णालयाला भेट दिली असेल तर तेही सांगा. त्यासाठी कोणी तुम्हाला रागावलं तरी सांगा. मे २०१८ मध्ये केरळहून रेल्वेने आलेल्या एका संशयित रुग्णाला गोव्यात वेगळं ठेवून नमुना पुण्याला पाठवला गेला (तिथल्या प्रयोगशाळेबद्दल प्रश्न १२ पाहा). निपाह निघाला नाही, पण जे केलं ते बरोबर होतं.

१०. आमच्या जवळच्या रुग्णालयाची तयारी आहे की नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

व्हेंटिलेटर किती आहेत हे विचारण्याआधी दार पाहा. तापाच्या रुग्णांना आत शिरतानाच वेगळं बसवतात का? खोकणाऱ्याला मास्क देतात का? पाणी आणि साबण हाताशी आहे का? एका रुग्णाजवळ पाच नातेवाईक बसू देतात का?

एवढ्या साध्या गोष्टींवर जोर का देतो, तर इतिहास तसा आहे. २००१ मध्ये सिलिगुडीत ६६ जणांना निपाह झाला, ४५ दगावले, आणि सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण रुग्णालयाचे कर्मचारी किंवा भेटायला आलेली माणसं होती. तो निपाह होता हे सिद्ध व्हायलाही काही वर्षं लागली. २०१८ मध्ये केरळात वटवाघळाकडून लागण झालेला बहुधा एकच तरुण होता. बाकीच्यांना माणसांकडून झाली, बहुतेकांना रुग्णालयांत. त्यात सीटी स्कॅनसारख्या तपासणीसाठी रुग्ण थांबवला होता त्या कॉरिडॉरमधून गेलेले लोकही होते. पेरांब्रा तालुका रुग्णालयात त्याची शुश्रूषा करणाऱ्या लिनी पुतुश्शेरी या नर्स २१ मे २०१८ रोजी निपाहने गेल्या. त्यांनी शुश्रूषा केली त्या रात्री वॉर्डात आलेला ताप निपाह आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणून निदान होण्याआधीचे तास सर्वांत धोक्याचे, आणि त्या तासांत मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा हीच तयारी. २०१९ मध्ये एर्नाकुलममध्ये आणि २०२१ मध्ये पुन्हा कोझिकोड जिल्ह्यात एकेक रुग्ण सापडला; दोन्ही वेळा लागण पुढे गेली नाही. २०२३ मध्ये पहिल्या रुग्णाला निपाह होता हे त्याच्या मृत्यूनंतर कळलं, आणि तोवर त्याच रुग्णालयात इतरांना लागण झाली होती. एकूण सहा रुग्ण, दोन मृत्यू. राज्य तेच, विषाणू तोच.

११. माझं तालुक्याच्या गावी छोटं नर्सिंग होम आहे. संशयित रुग्ण आलाच तर काय करू?

पहिली विनंती: “आमच्याकडे बेड नाही” म्हणून परत पाठवू नका. असा रुग्ण आणखी तीन कॅज्युअल्टींमधून फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी माणसं मागे ठेवतो.

त्याला मास्क लावून खिडकी असलेल्या वेगळ्या खोलीत ठेवा, खिडकी उघडी आणि आतलं दार बंद. आत जाणारे दोघंच ठरवा, एक डॉक्टर आणि एक सिस्टर. एन-९५ मास्क, डोळ्यांवर चष्मा किंवा फेसशील्ड, गाऊन, हातमोजे. नेब्युलायझर आणि सक्शन जीव वाचवण्यासाठी लागेल तेवढंच, कारण त्यातून तुषार उडतात. आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहा. सफाईच्या मावशी, एक्स-रे टेक्निशियन, डबा घेऊन आलेला भाऊ, कोणीही सुटू नये. फरशी आणि खाट १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसा, कचरा पिवळ्या पिशवीत. मग लगेच जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना. हलवायचं ते त्यांनी सांगितल्या ठिकाणीच, त्यांच्या रुग्णवाहिकेने आणि समोरच्या रुग्णालयाला आधी कळवून.

पीपीई किट घालणं सगळ्यांना जमतं. लागण होते ती काढताना. तुमच्या मावशी-मामांना ते काढण्याचा सराव शांत दिवसांतच करून घ्या. त्यांना हे कोणी शिकवत नाही आणि सांडलेलं सगळं तेच पुसतात, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

१२. खासगी लॅबमध्ये पैसे भरून निपाहची चाचणी होते का?

स्वतःहून करायला जाऊ नका. संशयिताचा नमुना आरोग्य खात्यामार्फत, तिहेरी आवरणात, थंड ठेवून ठरलेल्या प्रयोगशाळेत जातो. घशाचा स्वॅब, लघवी, रक्त आणि गरजेनुसार मणक्यातलं पाणी घेतात. पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, यात केंद्रस्थानी आहे. पाषाणला तिची देशातली पहिली बीएसएल-४ (सर्वांत धोकादायक विषाणूंसाठीची) प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. २०१८ मध्ये कोझिकोडच्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांना एकाच घरातल्या अनेकांना मेंदूज्वर झालेला पाहून संशय आला, नमुने कर्नाटकातल्या मणिपालच्या विषाणू प्रयोगशाळेत गेले आणि पुण्याने खात्री केली. २०२३ मध्ये वेळ वाचवण्यासाठी फिरती प्रयोगशाळाच कोझिकोडला पाठवली गेली.

१३. औषध किंवा लस आहे का?

मान्यताप्राप्त लस नाही. ऑक्सफर्डच्या लसीच्या मानवी चाचण्या जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्या. निपाहवर सिद्ध झालेलं औषधही नाही. केरळात रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध वापरलं गेलं आहे आणि ऑस्ट्रेलियाहून मोनोक्लोनल अँटिबॉडी (प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडं) मागवून ठेवल्या आहेत. त्या कोणाला द्यायच्या हे तज्ज्ञ ठरवतात, बाजारात मिळत नाहीत. बाकी ऑक्सिजन, झटक्यांवर औषधं, व्हेंटिलेटर, चांगली शुश्रूषा. २०२३ मध्ये व्हेंटिलेटरवर गेलेला नऊ वर्षांचा मुलगा बरा होऊन घरी गेला.

१४. आमचा माणूस विलगीकरणात आहे. भेटू द्या ना, निदान डबा तरी?

आत नाही. सिलिगुडीत भेटायला गेलेल्यांचं काय झालं ते प्रश्न १० मध्ये आहे. पण रुग्णालयाकडून हे हक्काने मागा: रोज ठरलेल्या वेळी डॉक्टरांचा फोन, शक्य असेल तर व्हिडिओ कॉल, आणि जेवण काय दिलं याची माहिती. आत गेलेला डबा, चादर, मोबाइल निर्जंतुक केल्याशिवाय परत मिळणार नाही.

१५. मी नर्स आहे. किट नसेल तर ड्यूटी नाकारू शकते का? आणि घरमालक खोली सोडा म्हणतोय.

किटशिवाय त्या खोलीत जाऊ नका. किट मागा, लेखी मागा आणि त्याची प्रत ठेवा. संरक्षण पुरवणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. नीट किट असताना मात्र रुग्णाला तुमची गरज आहे.

घरमालकाबद्दल: साथरोग कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या राहण्यात किंवा कामात अडथळा येईल असा छळ हासुद्धा हिंसाचार धरला जातो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा ३ महिने ते ५ वर्षं, गंभीर दुखापत केल्यास ६ महिने ते ७ वर्षं. आधी रुग्णालय प्रशासनाला सोबत घ्या, नाही ऐकलं तर पोलीस ठाण्यात जा. २०१८ मध्ये पेरांब्राच्या नर्सेस बसमध्ये चढल्या की लोक उठून दूर जात होते. आपल्याकडे असं होऊ देऊ नका.

१६. महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह सापडला म्हणे. तिथली फळं, सकाळची नीरा बंद करायची का?

एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि काहींमध्ये निपाहच्या खुणा सापडल्या. हे २०२१ मध्ये जाहीर झालं. त्याचा अर्थ विषाणू आपल्या सह्याद्रीतही फिरतो, म्हणून डॉक्टरांनी जागं राहावं. तिथली फळं विषारी झाली असा नाही. फळ धुऊन, शक्य असेल तर सोलून खा. चावलेलं, टोचलेलं, खाली पडलेलं टाकून द्या.

नीरेबद्दल थोडं जास्त जपा. बांगलादेशात हिवाळ्यात शिंदीचा कच्चा रस पिऊन निपाह होण्याच्या घटना जवळजवळ दरवर्षी घडतात, कारण रात्री वटवाघळं मडक्याशी येऊन रस चाटतात. झाकलेल्या मडक्यातला रस घ्या, खात्री नसेल तर पिऊ नका. उकळून केलेल्या गुळाला धोका नाही. आणि वटवाघळांची झाडं तोडू नका, त्यांना हाकलू नका. बिथरलेली वटवाघळं जास्त विषाणू बाहेर टाकतात आणि नव्या जागी जाऊन बसतात.

१७. तिथे कोणी दगावलं तर मृतदेह गावी आणता येतो का?

साथीच्या काळात नाही असंच धरून चला. अंत्यसंस्कार तिथेच, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीत होतात. आंघोळ घालणं, तोंडात पाणी घालणं, मिठी मारणं बंद असतं, कारण मृतदेहावरच्या स्रावांतूनही लागण होऊ शकते. पण धर्माला जागा ठेवता येते. २०१८ मध्ये कोझिकोडला दफन हवं असलेल्या कुटुंबासाठी खोल कबर खणून दफन केलं गेलं, आणि स्मशानातले कर्मचारी घाबरले तेव्हा महापालिकेचे आरोग्य अधिकारी स्वतः उभे राहिले. तुमचा जो विधी आहे तो आधी अधिकाऱ्यांना सांगा, दुरून दर्शन आणि मंत्र वा दुआ यांची सोय मागा. अस्थी घरी आणायला हरकत नाही.

१८. शेवटचा रुग्ण बरा होऊन २१ दिवस झाले. तरी ‘साथ संपली’ असं का जाहीर करत नाहीत?

२१ दिवस हा एका माणसाचा निरीक्षणकाळ. साथ संपली म्हणण्यासाठी त्याच्या दुप्पट, ४२ दिवस नवा रुग्ण नसावा लागतो, म्हणजे नजरेतून सुटलेला एखादा आजारी आणि त्याच्याकडून लागण झालेला पुढचा, दोघंही दिसून यायला वेळ मिळतो. बरा झालेला माणूस या काळात घरी असतो आणि त्याच्याशी नेहमीसारखं वागायला हरकत नाही. फक्त त्याला पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षांत झटके, विस्मरण, स्वभावातला बदल जाणवला तर पुन्हा मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. काही जणांमध्ये मेंदूची सूज उशिरा परतल्याची नोंद आहे. नेताना जुने कागद सोबत ठेवा आणि निपाह होऊन गेल्याचं दारातच सांगा.